'तेडेवर घे' : कडेवर, मांडीवर, खांद्यावर

प्रश्न

माझी लेक सव्वादोन वर्षांची आहे. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि तिचा अर्धा दिवस समोरच्या गुजराती आजींच्या, म्हणजे बांच्या घरी जातो. गेल्या रविवारी सयाजी बागेत (सासूबाई अजून कमाटी बागच म्हणतात) छोट्या आगगाडीपासून फुलांच्या घड्याळापर्यंत ती स्वतः चालत आली आणि तिथे एकदम फतकल मारून बसली. दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आई, तेडेवर घे."

मला आधी कळलंच नाही. मग उलगडलं. गुजरातीत मुलाला उचलून घेण्याला 'तेडवुं' म्हणतात. बा तिला दिवसातून दहा वेळा "आव, तेडी लउं" म्हणतात. घरी आम्ही 'कडेवर' म्हणतो. तिने दोन्हींची मोट बांधली आणि तिचा 'तेडेवर' तयार झाला. तेव्हापासून आता हाच शब्द चालतो. परवा तर भर रस्त्यात "बाबांच्या तेडेवर नको, आईच्या तेडेवर" असं रडगाणं झालं.

माझे प्रश्न दोन. गुजरातीत 'तेडवुं' असं एकच क्रियापद आहे, तसं मराठीत मुलाला उचलून घेण्यासाठी आहे का? आणि तिचा शब्द दुरुस्त करावा की राहू द्यावा? मला तो इतका आवडतो की दुरुस्त करायला जीभ वळत नाही, पण पुण्याला आजोळी गेलो की सगळे विचारतील, हे काय.

वाडीतल्या काकू

अगं, मराठीत 'घे' आहे की! दुसरं काही लागतच नाही. भांडं असेल तर "भांडं हातात घे" म्हणावं लागतं, पण मूल हात वर करून नुसतं "घे ना" म्हणालं की कुठे घ्यायचं हे कुणी विचारतं का? बायकांच्या बोलण्यातही तसंच. "बाळाला जरा घेता का, मी कुकर लावते." "त्याला सारखं घ्यायला लागतं." "घ्यायची सवय लावू नका हो, हातावरचं होईल." या सगळ्यात 'घेणे' म्हणजे तुझं ते तेडवुंच.

पण आपल्याकडे खरी गंमत क्रियापदात नाही, जागेत आहे. आम्ही दांडिया बाजारात वाढलो. तिथे आमची आजी मुलाचं वय महिन्यांत सांगत नसे. अंगावरचं मूल म्हणजे अजून पिणारं. मांडीवरचं म्हणजे बसतं-लोळतं. कडेवरचं म्हणजे ज्याला मान धरता येते, जे आपल्या कमरेला पाय घालून बसतं आणि आल्या-गेल्याकडे टुकुटुकु बघतं. मग बोट धरून चालणारं. आणि शेवटी एक दिवस लोक म्हणतात, मुलगा हाताशी आला. म्हणजे आता त्याला उचलायचं नाही, तोच पिशवी उचलणार. अंग, मांडी, कड, बोट, हात. मूल वाढतं तसं आईच्या अंगावरून हळूहळू खाली उतरत जातं आणि शब्दही त्याच्याबरोबर उतरतात. माझा धाकटा हाताशी येऊन वीस वर्षं झाली. अजूनही भाजी घेऊन जिना चढताना पिशवी नकळत डाव्या कमरेवर ठेवते मी.

तुझा शब्द अजिबात दुरुस्त करू नकोस. माझ्या मोठ्याचा 'पाठुंगळी' कधी नीट झालाच नाही. तो 'पाठुंगोळी' म्हणायचा, कारण घोडा-घोडा करून खाली उतरवताना आम्ही त्याला लिमलेटची गोळी द्यायचो. पाठ आणि गोळी. त्याचा हिशेब चोख होता. चार वर्षांचा झाल्यावर आपोआप 'पाठुंगळी' म्हणायला लागला, आणि त्या दिवशी मला खरंच हुरहूर लागली. पहिल्यांदा कधी म्हणाला ते लक्षात आहे, शेवटचं कधी म्हणाला ते कुणीच लिहून ठेवलं नाही.

इंदूरकर

आमच्याकडे हाच प्रकार हिंदीतून येतो. राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचं जुनं घर आहे, आजूबाजूला सगळी 'गोदी'वाली मुलं. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मुंबईहून त्याचे आजोबा आले. त्यांनी सगळी नोकरी माझगाव गोदीत काढली. स्टेशनवर उतरल्या उतरल्या नातू धावत गेला आणि ओरडला, "आजोबा, गोदीत घ्या!" आजोबांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आपण कुठे काम करायचो ते एवढ्याशा पोराला कुणीतरी सांगून ठेवलंय. मराठीत गोदी म्हणजे जहाजं बांधायची, दुरुस्त करायची जागा, ती हिंदीतली मांडी नव्हे, हे आम्ही त्यांना दोन दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असू दे, तेही बरोबरच आहे, जहाज दमून आलं की गोदीतच घेतात. तेव्हापासून ते पोराला उचलताना "चला, गोदीत" असंच म्हणतात.

एक फरक मात्र जाणवतो. हिंदीत गोद एकच, बसलेली असो वा उभी. उभ्याने घेतलं तरी गोद, बसून घेतलं तरी गोद. मराठीत मांडी ही बसलेल्या माणसाची आणि कड ही चालणाऱ्याची. कडेवर पोर घेऊन बाई पाणी भरते, दार उघडते, भाजीचा भाव करते.

रावपुऱ्याचे आप्पा

ताई, शब्दाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

'कड' हा संस्कृत 'कटि'पासून, प्राकृत 'कडि'मधून आलेला. विठोबा कटीवर कर ठेवून उभा आहे तीच ही कटी. गुजरातीतली 'केड' तिची सख्खी बहीण, म्हणजे तुमच्या समोरच्या बा आणि तुम्ही फार लांबच्या नाही. 'कंबर' हा मात्र फारसीतून आलेला पाहुणा. तो आला आणि मोजमापात, पट्ट्यात, दुखण्यात सगळीकडे बसला. कंबर दुखते, कंबर कसतात. पण मुलाला अजून कुणी 'कंबरेवर घे' म्हणत नाही. ती एक जागा जुन्या शब्दाने सोडलेली नाही.

किती जुना म्हणाल, तर जनाबाईंच्या अभंगात लेकुरवाळा विठू येतो तिथे पाहा. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, गोरा कुंभार मांडीवर, बंका कडियेवरी आणि नामा करांगुळी धरून. वाडीतल्या काकूंनी आजीची जी यादी दिली तीच ही, सातशे वर्षांपूर्वीची. आणि विठू इथे आईसारखा वागतो, एकाच वेळी पाचांना सांभाळतो, म्हणून त्याला खांदा, मांडी, कड, करंगळी सगळंच लागतं. 'अंगाखांद्यावर वाढवलं' असं आपण म्हणतो, त्याचं याहून नेमकं चित्र मला दुसरं माहीत नाही.

म्हणींतही बघा. हिंदीत 'बगल में छोरा, गाँव में ढिंढोरा'. गुजरातीतली म्हण 'केडमां छोकरुं' अशीच सुरू होते. पोर कमरेवर आणि शोध गावभर. आपण मात्र पोराच्या जागी पाण्याचं भांडं ठेवलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझी समजूत अशी की आपल्याकडची आई कळसा विसरेल, कडेवरचं पोर विसरणार नाही.

मांडीचा मान वेगळा. मराठीत 'मांडीवर घेणे' म्हणजे दत्तक घेणे असाही अर्थ आहे. गुजरातीत 'खोळे लेवुं', हिंदीत 'गोद लेना'. तिन्ही भाषांत दत्तक मांडीवरच बसतो. आपलं बडोदंही तसंच घडलं. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ मांडीवर घेतला आणि त्याचे सयाजीराव झाले. बारा वर्षांचा मुलगा कडेवर मावत नाही, पण मांडी विधीपुरती मोठी होते. याच महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३१ साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. आठ भाषा शेजारी-शेजारी मांडलेल्या. कचेरीतला एक शब्द आठ भाषांत कसा म्हणायचा याची ज्या गावाने इतकी काळजी घेतली, त्या गावात एक मूल दोन भाषांतून 'तेडेवर' काढतं, याचा मला आनंदच आहे.

तरी काकूंशी थोडा असहमत. मुलीला रागावू नका, तिचा शब्द तोडू नका, पण तुम्ही स्वतः मात्र प्रत्येक वेळी पूर्ण 'कडेवर' म्हणा. ती "तेडेवर घे" म्हणाली की तुम्ही "ये, कडेवर ये". मोठ्यांनी बोबडं बोलणं मला पटत नाही. मुलाचं बोबडं त्याचं असतं, आपण ते उचलायचं नाही.

वाडीतल्या काकू

हे मान्य, आप्पा. आणि मुलीला 'तेड'सुद्धा पूर्ण येऊ दे, ते अर्धं राहायला नको. 'तेडवुं' म्हणजे नुसतं उचलणं नाही. 'तेडुं' म्हणजे बोलावणं, निमंत्रण. 'तेडवा जवुं' म्हणजे कुणाला घ्यायला जाणं. सासरी गेलेल्या मुलीला भाऊ तेडवा जातो. मूल हात वर करतं तेव्हा तेही आपल्याला बोलावतंच की.

मांजलपूरचा बाबा

माझी बायको गुजराती, मी मराठी, आणि घरात दोन जुळी. म्हणून आमच्याकडे कड एकाची आणि तेड दुसऱ्याची असंच चालतं. एकाला घेतलं की दुसरा म्हणतो, "माझी कड कुठाय?" त्याला वाटतं, आईला दोन कडा आहेत, एक त्याची, एक भावाची. आणि हे चूकही नाही. आम्ही 'आईची कड घेतली' म्हणजे आईची बाजू घेतली असंही म्हणतोच. भांडण झालं की तो आईच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि सांगतो, ही माझी कड.

डाव्या बाजूचं मात्र खरं आहे. बहुतेक माणसं मूल डावीकडे घेतात, डावखुरीसुद्धा. मी गेल्या आठवड्यात बागेत बाकावर बसून पाहत होतो. एकामागून एक डावीकडेच.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांचं ऐकते. ती 'तेडेवर' म्हणेल, मी 'कडेवर' म्हणेन. पुण्यात कुणी विचारलं तर हा सगळा इतिहास सांगेन.

या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या, त्या इथेच लिहून ठेवते. काकूंचं ते 'कुणीच लिहून ठेवलं नाही' वाचल्यापासून वही उघडीच आहे.

पहिली. बागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. लेकीने त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान वळवून पाहिलं. मग विचारलं, "ह्याची आई ह्याला कुठे घ्यायची?" मी म्हटलं, माशाच्या आईला कड नसते. तिला फार वाईट वाटलं. घरी येईपर्यंत ती माझ्या कडेवरून उतरली नाही.

दुसरी कालची. ती पडली, गुडघा खरचटला, आणि बांच्या ओट्यावर मोठ्याने भोकाड पसरलं. बा पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, "छानी रहे, दीकरी, छानी रहे." गुजरातीत छानुं म्हणजे गुपचूप, शांत. माझी लेक हुंदक्यात हुंदका अडकवून ओरडली, "मी छानच आहे!" बांना अर्थ कळला नाही, पण त्यांनी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी बघते तर तिने कापडी बाहुली स्वतःच्या कमरेवर बसवायचा खटाटोप चालवला होता. सव्वादोन वर्षांच्या पोरीला कंबर ती कुठली, बाहुली सरळ घसरून खाली. चारदा पडली. मग दात कधी येणार असं विचारावं तसं तिने सासूबाईंना विचारलं, "आजी, मला कड कधी येणार?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. माझी ओढणी घेतली, बाहुली तिच्या डाव्या बाजूला घट्ट बांधून दिली.

आता ती घरभर तशीच फिरते. मधेच थांबते, बाहुलीच्या पाठीवर थोपटते आणि म्हणते, "छानी रहे." मी विचारलं, बाहुली रडत होती का? तर म्हणाली, नाही, ती छानच आहे.