घरकुल प्रकल्पांत बिम सक्तीचं करावं का?

अंदाजपत्रकवाली
माझं मत आधीच सांगते: करावं. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. इमारत आधी संगणकात उभी करायची आणि प्रत्येक भिंत, पाइप, खिडकीला तिचं माप, दर आणि कामाची तारीख जोडायची. नागपुरात बारा वर्षं अंदाजपत्रकं करतेय, त्यावरून बोलते.

2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकाचं घर 30 चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतचं होतं. भागीदारीतल्या प्रकल्पात केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख आणि उरलेले पैसे लाभार्थ्याचे, बहुतेकदा कर्जाचे, असं होतं. सरकारचा वाटा ठरलेला असतो. त्यामुळे खर्च वाढला की तो लाभार्थ्याच्या माथी बसतो, नाहीतर त्याच्या घरातून काहीतरी गुपचूप कापलं जातं.

एका कामावर मी हे डोळ्यांनी पाहिलं. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये शौचालयाचा पाइप सरळ खाली उतरत होता आणि स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये नेमकी तिथेच काँक्रीटची तुळई. दोन्ही कागद कुणी एकावर एक ठेवून पाहिलेच नाहीत. पहिला स्लॅब ओतल्यावर कळलं. घरागणिक दीड मीटर जादा पाइप आणि दोन बेंड लागले. घरं 240. म्हणजे 360 मीटर पाइप, 480 बेंड, वर मजुरी. ही जादा बाब भरून काढायला पश्चिमेच्या खिडक्यांवरचे छज्जे गेले. नागपुरात, पश्चिमेचे छज्जे!

आपल्याच शहरात मेट्रोच्या कामाला फाइव्ह-डी बिम वापरलं: आकार, वेळापत्रक आणि खर्च एकाच मॉडेलमध्ये. मग एकसारखी शेकडो घरं जिथे बांधायची, तिथे का नाही?

साइटवरचा
ताई, छज्ज्यांचं वाचून वाईट वाटलं. पण सक्तीला माझा विरोध आहे. तीस वर्षं साइटवर काढली. खर्च फुगतो तो जमिनीखाली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती तपासायला दोन बोअर घेऊन पायाची खोली ठरवतात आणि खोदायला गेलं की मुरूम आणखी मीटरभर खाली लागतो. मॉडेलला हे कसं दिसणार?

दुसरं, मोजमाप. आपलं बिल आयएस 1200 प्रमाणे, म्हणजे बांधकाम मोजायच्या भारतीय मानकाप्रमाणे निघतं. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्याची, म्हणजे दार-खिडकीच्या मोकळ्या जागेची, वजावट नाही. अर्धा ते 3 चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट, कारण कडांचं प्लास्टर त्यातच धरलेलं असतं. मॉडेल खिडकीचं भोक दोन्हीकडून वजा करून मोकळं होतं. परिमाण कमी दिसणार, ठेकेदार भांडणार, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक अडकणार.

अंदाजपत्रकवाली
प्लास्टरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मॉडेलमधून येणारा आकडा तसाच बिलात घालू नये. वजावटीचे नियम एकदा बसवावे लागतात आणि ते काम संगणकवाल्याचं नाही, तुमच्यासारख्यांचं आहे. पण पायाबद्दल माझं उलट म्हणणं आहे. मॉडेल मातीचा अंदाज सुधारणार नाही, हे मान्य. खर्चाच्या वाढीत मातीचा वाटा किती आणि आमच्या ड्रॉइंगच्या चुकीचा किती, हे मात्र वेगळं काढता येईल. आज सुधारित अंदाजपत्रकात सगळं मातीच्या नावावर खपतं.

गिट्टीरेती
हे सारं मोठ्या कंपनीले जमते जी. माह्यासारखा छोटा ठेकेदार दरवर्षी सॉफ्टवेअरचे पैसे कुठून भरन? आज मी दोन बिल्डिंगा घेतो, माह्यावर चाळीस घरं चालतात. सक्ती झाली का निविदेतूनच बाहेर. मंग बाहेरची कंपनी येईन, काम आमालेच देईन, पण तिच्या दरानं. तुमचा खर्च वाचला काय मंग?

वाचक, त्रिमूर्तीनगर
गिट्टीरेती भाऊंच्या म्हणण्याला उत्तर हवंच. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या कामांना 2016 पासून बिम आवश्यक केलं, पण तसं धोरण 2011 मध्येच जाहीर झालं होतं. पाच वर्षं तयारीला मिळाली. इथे मॉडेल बनवायची जबाबदारी काम काढणाऱ्या कार्यालयाने घ्यावी आणि ठेकेदाराला त्यातून निघालेली ड्रॉइंग व परिमाणं फुकट द्यावीत. मोबाइलवर मॉडेल उघडून बघायला परवाना विकत घ्यावा लागत नाही.

चौथा मजला
मी अशाच एका योजनेतल्या घरात राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. तुमची चर्चा दोनदा वाचली. त्यात पाइप आहे, प्लास्टर आहे, माती आहे. कूलर कुठेच नाही.

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो. आमच्या खिडकीला बाहेरून पक्की जाळी, कूलरच्या स्टँडला टेकू नाही, जवळ नळ नाही, प्लग समोरच्या भिंतीवर. म्हणून कूलर हॉलमध्येच ठेवलाय. बाहेरची कोरडी हवा त्याला मिळत नाही, तीच ती ओली हवा फिरते आणि रात्री अंथरूण चिकचिकतं. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. हप्ता भरताना रोज वाटतं, या घराची किंमत कुणी काढली आणि त्याचा उपयोग कुणी मोजला?

अंदाजपत्रकवाली
ताई, तुम्ही विषयाच्या मुळाशी हात घातला. व्हॅल्यू इंजिनिअरिंग, म्हणजे वस्तूचं काम आणि तिचा खर्च यांचा मेळ तपासायची पद्धत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स यांनी सुरू केलं. सामान मिळेना, तेव्हा त्यांनी विचारलं, ही वस्तू नेमकं काय काम करते आणि तेच काम दुसरं काय करील? आमच्याकडे त्याचा अर्थ ‘काय कापता येईल’ एवढाच उरला. छज्जा सावली देतो, हे काम कुठल्याच रकान्यात नव्हतं, म्हणून तो गेला. मॉडेलमध्येही कुणी लिहिलं नाही तर ते नसणारच. माझ्या मूळ मागणीत ही उणीव होती.

साइटवरचा
सक्तीला अजूनही माझा होकार नाही. पण एका इमारतीवर करून बघायला तयार आहे, वजावटीचे नियम मी बसवून देतो. आणि चौथ्या मजल्यावरच्या ताई, तुमच्या खिडकीचं आणि कूलरचं माप इथे द्या. त्यापासूनच सुरू करू.

चौथा मजला
खिडकी 4 बाय 3.5 फूट, जमिनीपासून 3 फुटांवर. कूलर 2 फूट खोल. पाणी भरल्यावर दोघांनाही हलत नाही.