मदत हवी आहे: आईला विपश्यना झेपेल का?

बाबा गेल्यापासून आई (वय 64) रात्री दोन-अडीचला जागी होते, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच गोळ्या नकोत; आधी रोज चालणं, संध्याकाळचा चहा बंद आणि समुपदेशन. चहा सुटला (आमच्या घरात हे मोठंच!), पण चालायला एकटी जात नाही.

आता मावशी इगतपुरीच्या धम्मगिरीचं 10 दिवसांचं शिबिर सुचवतेय. पहाटे 4 ला घंटा, दिवसभर ध्यान, जवळजवळ पूर्ण वेळ मौन. आधीच गप्प झालेल्या माणसाला आणखी मौन? मला धास्तीच वाटते. दुःख ताजं असताना कोणी हे केलंय का? की सध्या गल्लीतलं भजनी मंडळच बरं? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (14416) कोणी फोन केला असेल तर तोही अनुभव सांगा.