कोरडी त्वचा: तुम्ही काय लावता, कधी लावता?

थंडी पडली की माझ्या नडग्यांवर पांढरे खवले धरतात. नख ओढलं की रेघ उमटते. कित्येक वर्षं मी अंग खसाखसा पुसून, मग सवडीने तेल चोळत आले. वरून तकतकीत, आतली खाज तशीच. शेवटी त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, "तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं." तेव्हापासून अंग नुसतं टिपते आणि ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, क्रीम लावते. पंधरा दिवसांत खाज थांबली. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले तर नक्कीच.

*

ओल्या अंगावर लावायचं, अगदी खरं! माझे बाबा ८१ वर्षांचे. रात्र रात्र पाठ खाजवायचे. आधी कढत पाणी बंद केलं. कोमट पाण्याने दहा मिनिटांत अंघोळ, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. त्यावर पेट्रोलियम जेली. चिकट लागते म्हणून कुरकुरतात, पण शांत झोपतात. तळपायांना लावलीत तर मोजे नक्की घाला, बाबा एकदा पडता पडता वाचले.

*

खोबरेल अंगाला छान, पण चेहऱ्याला लावलं की मला हनुवटीवर पुटकुळ्या येतात.

*

मला ऑलिव्ह तेल सोसलं नाही, त्वचा आणखी लाल झाली. त्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्याने त्वचेचा वरचा थर कमकुवत होऊ शकतो, हे नंतर कळलं.

*

टाचांसाठी युरिया असलेलं क्रीम, रात्री, वर सुती मोजे. पण भेगेतून रक्त येत असेल तर थांबा! मी घाईने लावलं आणि आग आग झाली, पाय पंख्याखाली धरून बसले. आधी साध्या जेलीने भेग मिटू द्यायची.

*

मी नर्स आहे, दिवसभर हात धुणं चालूच. लोशनमध्ये पाणी जास्त, ते माझ्या हातांना पुरत नाही. बिनवासाचं घट्ट क्रीम खिशात ठेवते, हात टिपले की लगेच वाटाण्याएवढं, बोटांच्या पेरांवर जरा जास्त. तरी एका बोटाची लाली हटेना. अंगठीखाली साबण अडकत होता. ती काढून ठेवली तेव्हा कुठे तो पट्टा फिका पडायला लागला.