मदत हवी आहे: भोवत्याची (हॅरियर या शिकारी पक्ष्याची) मादी, माँटेग्यू जातीची की पॅलिड?

रविवारी सासवड-जेजुरीकडच्या माळावर होतो. पळस ऐन भरात, गवत वाळून कुरकुरीत झालेलं. साडेसातच्या सुमारास एक तपकिरी भोवत्या कमरेएवढ्या उंचीवरून गवत चाळत गेला. पंख उथळ व्ही आकारात, शेपटीच्या मुळाशी ठळक पांढरा पट्टा, म्हणजे दलदली भोवत्या ही जात बाद. छाती-पोटावर उभ्या रेघा होत्या, त्यामुळे पहिल्या वर्षाचं पिल्लूही नसावं.

घोडं अडलंय ते माँटेग्यू की पॅलिड इथे. पुस्तकात गालावरचा गडद डाग आणि त्यामागची फिकट कॉलर बघा म्हणतात, पण माझ्या तिन्ही फोटोंत पठ्ठीने मान फिरवलेली! पक्षी ओळखणाऱ्या ॲपला दोन फोटो दिले, दोन नावं आली. आसपास नर दिसला नाही. दहापर्यंत थांबलो, ती परतली नाही. लेन्स ३०० मिमी, त्यामुळे फार मोठं करून बघता येत नाही. पंखाची खालची बाजू मात्र एका फोटोत बरी आलीय. (नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, माळात गाड्या घालणारे वाढलेत.)

चेहरा दिसत नसताना, केवळ पंखाखालच्या पट्ट्यांवरून आणि टोकाच्या आकारावरून या दोन माद्या खात्रीने वेगळ्या करता येतात का? येत असतील तर नेमकं कुठे बघायचं?