सोसायटी ग्रुप: ए-४०४ ची नवी गाडी आणि पहाटेचा धूर

ए-१०१ ताई, सकाळी ५:४७
ए-४०४, आजही दहा मिनिटं गाडी चालू ठेवून उभी. आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. आईला रात्रभर दम लागत होता, पहाटे कुठे डोळा लागला तर हा धूर. मागच्या महिन्यात सांगितलं, त्याआधी पावसाळ्यात सांगितलं. आता ग्रुपवर लिहितेय. राग आला तर येऊ दे.

सी-५०१, ६:३०
सुप्रभात सर्वांना 🙏

ए-४०४, ७:५२
ताई, आत्ता ऑफिसला पोचलो. मनापासून माफ करा. गाडी १४ वर्षांची आहे, थंडी लागली की सुरू व्हायलाच कुरकुरते आणि लगेच हलवली तर धक्के देते, म्हणून उभी ठेवतो. ही गाडी आता काढायचीच आहे. रोज जाऊन-येऊन १३० किमी, महिन्याचे २२ दिवस. परवडणारी डिझेल बघतोय. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

ए-१०१ ताई, ७:५५
पुन्हा डिझेलच?

सी-३०१, ७:५८
इलेक्ट्रिक घ्या. १३० किमी म्हणजे काहीच नाही, रात्री लावली की सकाळी भरलेली. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट असता तर आज हा प्रश्नच आला नसता. दोन सभा झाल्या ठराव मांडून. कुणामुळे अडलाय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सेक्रेटरी, ८:०४
कुणामुळे अडलेला नाही. वीज कंपनीने लोड वाढवून दिल्याशिवाय पार्किंगमध्ये वायर टाकता येत नाही, एवढंच मी म्हटलं होतं. तो विषय इथे नको.

सी-३०१, ८:०५
इथे नको, सभेत नको. मग कुठे?

बी-१०३, ८:१०
गाडी कुठलीही घ्या, पार्किंगच्या पट्ट्यात मावली पाहिजे. पट्टा साडेचार मीटरचा आहे. सी विंगमध्ये काय झालं ते विसरू नका.

सी-५०१, ८:१२
ए-४०४ ला रोज पहाटे धक्का मारायला दोन माणसं द्या. धूर नाही, डिझेल नाही, दोघांचा व्यायाम 😀

ए-१०१ ताई, ८:१३
माझ्या आईचा दम हा थट्टेचा विषय नाही.

सी-५०१, ८:२०
तसा उद्देश नव्हता ताई. सॉरी.

बी-२०२ काका, ८:४१
ए-४०४, गाडीचं नाव नंतर काढू, आधी रस्ता सांग. १३० पैकी मोकळा किती आणि गर्दीचा किती? मी ३० वर्षं इंजिनं उघडली आहेत. डिझेल परवडेल का, याचं अर्धं उत्तर रस्त्यातच असतं.

ए-४०४, ८:५०
काका, एका बाजूचे ६५. त्यातले ५० मोकळे, एका लयीत ८०-९० ने जातो. शेवटचे १५ गर्दीचे.

बी-२०२ काका, ९:०६
मग तुझ्या रस्त्याला डिझेल शोभतं. कारण सांगतो, म्हणजे शोरूममध्ये कुणी काही सांगितलं तर पारखता येईल. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. जोर कमी लागत असला की ती अर्धी मिटते, आणि इंजिनाला हवा ओढून ओढून घ्यावी लागते. त्यात ताकद जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते, जोर कमीजास्त होतो तो इंधनाच्या मापाने. पेट्रोलमध्ये हवा साधारण १० ते १२ पट दाबतात, डिझेलमध्ये १५ ते १८ पट. त्या दाबानेच ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, ठिणगी लागत नाही. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १५ टक्के ऊर्जा जास्त. सलग रस्त्यावर हे सगळं वसूल होतं.

बी-१०३, ९:०९
माहिती चांगली आहे काका, पण साडेचार मीटर लक्षात असू दे.

बी-६०२, ९:३५
मी आकडे मांडून बघितले. रोज १३०, महिन्याला २२ दिवस म्हणजे २,८६० किमी. वर्षाला ३४,३२०. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते आणि तेवढीच डिझेल २० देते असं धरू. पेट्रोल लागेल २,२८८ लिटर, डिझेल १,७१६. वर्षाला ५७२ लिटर वाचतील. हीच गाडी वर्षाला ८,००० किमीच फिरली तर वाचणार फक्त १३३ लिटर. डिझेल गाडीसाठी जास्त मोजलेले पैसे किती वर्षांत निघतील ते या फरकावर आहे. पंपावरचे दोन्ही भाव आणि सर्व्हिसिंगचा फरक घालून दर किलोमीटरचा खर्च काढा. नुसतं मायलेज बघून फसायला होतं.

बी-६०२, ९:३८
अजून एक. १५ वरून २० ला गेलं की ५७२ लिटर वाचतात, पण २० वरून २५ ला गेलं की ३४३ च. दोन्हीकडे वाढ ५ चीच. त्यामुळे २५ वाल्या मॉडेलसाठी फार जास्त पैसे मोजू नका.

ए-४०४, ९:४१
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जतन करून ठेवतो.

सी-३०१, ९:५५
कंपनीच्या आकड्यांवर हिशेब कसले करता. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत काय सापडलं? तपासणी चालू आहे हे ओळखून धूर आवरणारं सॉफ्टवेअर. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, कितीतरी पट.

बी-६०२, १०:०१
म्हणूनच १५ आणि २० हे आकडे मी जाहिरातीतले घेतलेले नाहीत. टाकी तोंडापर्यंत भरायची, ट्रिप मीटर शून्यावर, पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. असं तीन-चारदा केलेल्या माणसाचाच आकडा धरा.

ए-१०१ ताई, १०:१०
मायलेज तुम्ही काढाल हो. श्वास आम्हाला घ्यायचाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवलाय. आईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मी वाचूनही खात्री केली.

बी-२०२ काका, १०:२२
ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. आमच्या पिढीने हा धूर वर्षानुवर्षं गिळलाय. ए-४०४, घ्यायची तर युरो ६ (धुरावरच्या युरोपीय मर्यादेचा सहावा टप्पा) च्या दर्जाची आणि काजळीचा फिल्टर धड असलेली घे. युरो ५ मध्ये डिझेलला किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, युरो ६ मध्ये ती ८० वर आली. तुझी १४ वर्षांची गाडी आणि ही, यांच्या धुरात फार अंतर आहे.

ए-३०२, १०:४०
फिल्टरचं नाव काढलंत म्हणून सांगते. आम्हीही हौसेने डिझेल घेतली. पण माझं जाणं-येणं ४ किमी, मुलांची शाळा, बाजार. आठ महिन्यांत फिल्टरचा दिवा लागला, गाडीने ताकदच सोडली, चढावर चालेना. वर्कशॉपने दोनदा साफ केला, तिसऱ्यांदा बदला म्हणाले. आधी कुणी सांगितलं असतं तर घेतलीच नसती. फार मनस्ताप झाला.

बी-२०२ काका, १०:५८
ए-३०२, तुमच्या गाडीचा दोष नव्हता, ४ किमीचा होता. फिल्टरमध्ये काजळी साठते आणि गाडी ती अधूनमधून स्वतःच जाळते. त्यासाठी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि तेवढं तापायला पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग पळणं लागतं. मधेच बंद केली की काजळी तशीच, वर जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ए-४०४ चे ५० मोकळे किमी हेच त्या फिल्टरचं औषध. ए-४०४, कधी घरी पोचल्यावर उभ्या गाडीच्या इंजिनाचे फेरे वाढलेले दिसले, पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय, तर लगेच बंद करू नको. रस्त्यावर एक फेरी मारून ये.

ए-१०१ ताई, ११:०१
फेरी मारायची ती फाटकाबाहेर.

बी-२०२ काका, ११:०२
फाटकाबाहेरच ताई.

सी-५०१, ११:१५
एवढी भानगड कशाला? एक जण तो फिल्टर आतून पोकळ करून देतो. दिवा लागतच नाही, गाडीही सुसाट. नंबर हवाय का?

बी-२०२ काका, ११:१७
असलं काही इथे लिहू नका. फिल्टर पोकळ केला की सगळी काजळी थेट बाहेर. खाली ताईंच्या आई झोपलेल्या असतात. तपासणीत गाडी नापास होईल ते वेगळंच. हे काम मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही, गिऱ्हाईक परत पाठवलंय.

सी-५०१, ११:१९
(हा मेसेज हटवला आहे)

सेक्रेटरी, ११:२५
काका, शांत व्हा. त्यांनी मेसेज काढलाय. सर्वांनी विषयाला धरून लिहावं.

सी-३०१, ११:२६
विषयाला धरूनच विचारतो, चार्जिंग पॉइंटच्या अर्जाची तारीख काय?

बी-१०३, ११:३०
पार्किंगचे पट्टे साडेचार मीटरचे आहेत. पुन्हा लिहितो कारण कुणी उत्तर देत नाही.

ए-४०४ वहिनी, दुपारी १:१०
सकाळपासून सगळं वाचतेय. फिल्टर झाला, लिटर झाले. हे रोज तीन तास गाडीत असतात, सीट कशी आहे हे एकानेही विचारलं नाही. दोन वर्षं कंबर धरून जिना चढतात. मला सहा एअरबॅग हव्यात, ब्रेक चांगले हवेत, रात्री रस्ता दिसेल असे दिवे हवेत. मग मायलेज दोनने कमी असलं तरी चालेल.

ए-१०१ ताई, १:१४
वहिनी, हे अगदी बरोबर बोललात.

ए-४०४, १:३०
ही म्हणते ते मान्य. सीटवर निदान तासभर बसून चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही. काका, नवी झेपेल असं वाटत नाही. तीन-चार वर्षं वापरलेली बघू का?

बी-२०२ काका, २:०५
बघ, पण नीट बघ. विकणाऱ्याला आधी सांग, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलास की बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर काहीतरी लपवतायत, दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिन स्वतःसमोर सुरू करून धूर बघ. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थोडा वेळ दिसून गेला तर वाफ, इंजिन तापल्यावरही येत राहिला तर उठून चालू लाग. मग संगणक जोडून फिल्टरमध्ये राख किती साठलीय ते वाचून घे. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती मागच्या मालकाची तुझ्या गळ्यात येते. सर्व्हिसच्या पावत्या माग. फिल्टरवाल्या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं, तेच घातलंय का ते पावतीवर कळतं. ८०,००० किमी मोकळ्या रस्त्यावर पळालेली गाडी ३०,००० किमी शाळा-बाजार केलेल्या गाडीपेक्षा मी आधी घेईन.

ए-३०२, २:११
आमच्यासारख्यांकडून घेऊ नका, असंच ना काका 🙂

बी-२०२ काका, २:१५
तुमची काय चूक. विकणाऱ्याने विचारायला हवं होतं, रोज किती चालता म्हणून.

बी-६०२, २:२०
युरियाचं राहिलं. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मारायला बऱ्याच नव्या डिझेलना त्याची वेगळी टाकी असते, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. तो संपला की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. खर्चात तोही धरा. आणि वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ११० ऐवजी ९० ने गेलात तर तो एक तृतीयांश घटतो, आणि ५० किमीला वेळ जास्त लागतो फक्त ६ मिनिटं.

ए-४०४ वहिनी, २:२४
ही ६ मिनिटं मी त्यांना घरून लवकर पाठवून देईन.

ए-१०१ ताई, ४:४०
नवी गाडी येईल तेव्हा येईल. उद्या पहाटेचं काय?

बी-२०२ काका, ४:५२
ताई, हे मी सकाळीच सांगायला हवं होतं. ए-४०४, उभी ठेवून डिझेल नीट तापतच नाही. नुसत्या चालू इंजिनात इंधन इतकं कमी जळतं की पुरेशी उष्णता तयार होत नाही, धूर मात्र होतो. सुरू कर, सीटचा पट्टा लाव, निघ. पहिले चार-पाच किमी हलक्या पायाने, फेरे न चढवता. चालत्या गाडीत ते लवकर गरम होतं. आणि थंडीत कुरकुर, धक्के म्हणतोस तर एखादा ग्लो प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू होताना आतून तापवणारी कांडी, गेला असणार. या वयाच्या गाडीत जातोच. आज रात्री खाली ये, तपासतो. टॉर्च आण.

ए-४०४, ५:०५
काका, साडेआठला येतो. १४ वर्षं गरम करूनच काढत आलो, वडिलांनी तसंच शिकवलं होतं.

बी-२०२ काका, ५:०८
त्यांच्या गाडीला ते लागत असेल. तुझ्या गाडीला गरज नाही.

बी-१०३, ५:३०
साडेचार मीटर.

बी-२०२ काका, रात्री ९:५०
चारपैकी दोन ग्लो प्लग मेलेले होते. बदलले.

ए-१०१ ताई, सकाळी ५:४४
ए-४०४, आज सुट्टी आहे का? आवाज आला नाही म्हणून विचारतेय.

ए-४०४ वहिनी, ५:४६
साडेपाचलाच निघाले ताई. गाडी सुरू केली आणि गेले. आई कशा आहेत?

ए-१०१ ताई, ५:४७
झोपल्यात.

ए-४०४, ७:४९
पोचलो. बी-१०३, रविवारी जी बघायला चाललोय ती ४.२ मीटरची आहे. टेप घेऊन जातोय.