हार्डवेअरचं पाप सिस्टीमच्या माथी कशाला?

फ्लक्सवाला
परवा इथं एकानं फतवा काढला, 'अँड्रॉइडचं हार्डवेअरच फडतूस, दोन वर्षांत डबा. आयफोन दहा वर्षं हलत नाही.' त्याखाली ढीगभर '+1' बघून डोकं फिरलं. तिथंच उत्तर द्यायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, सात हजारांचा फोनही अँड्रॉइड आणि सव्वा लाखाचाही अँड्रॉइड. तुम्ही सात हजारवाला ऐंशी हजारवाल्यासमोर उभा करणार आणि श्रेय आयओएसला, म्हणजे आयफोनच्या सिस्टीमला देणार! आयफोनला ओएलईडी पडदा पहिल्यांदा आला 2017 मध्ये, आयफोन टेनला, आणि तो बनवला सॅमसंगनं. कॅमेऱ्याचे सेन्सर सोनीचे, हे तेव्हा अ‍ॅपलचा प्रमुख असलेल्या टिम कुकनं 2022 मध्ये जपानात जाऊन स्वतः सांगितलं. माझं दुरुस्तीचं दुकान, मी रोज फोन उघडतो. आत बोर्ड, फ्लेक्स (भाग जोडणाऱ्या लवचिक पट्ट्या) आणि फुगलेली बॅटरी, एवढंच असतं. लिथियमला वर कुठली सिस्टीम चालू आहे ते कळत नाही.

निशिगंधा
सॅमसंगचा नोट 7 सोयीस्कर विसरलात. 2016 मध्ये बॅटऱ्या पेटल्या, बदलून दिलेले फोनही पेटले, शेवटी मॉडेलच गुंडाळलं. बाबांचा आयफोन आईकडे आला, आईकडून भाच्याकडे गेला, अजून चालतोय. तुमचं दुकान कुणाच्या जिवावर चालतं तेही सांगा की.

खडूस_मास्तर
ताई, नोट 7 काढलात तर आयफोन 6 प्लसही काढू. 2014 मध्ये खिशात वाकला. 2016 मध्ये त्याच मॉडेलचा टच मरायला लागला, वर करड्या पट्ट्या. अ‍ॅपलनं काय केलं? 'तुम्हीच फोन वारंवार पाडला असणार' असं म्हणून 149 डॉलर घेऊन दुरुस्ती. पाप कंपनीचं, प्रायश्चित्त गिऱ्हाइकाचं.

निशिगंधा
पैसे घेऊन का होईना, दुरुस्त केला ना? माझ्या आधीच्या अँड्रॉइडला (ब्रँड जाऊ द्या) अपडेट मारलं आणि सकाळी पडद्यावर उभी हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी संपलीय, पडदा बदला. पडद्याचा भाव ऐकून खाली बसले.

फ्लक्सवाला
अपडेटनंतर आली म्हणजे अपडेटनं आली असं नसतं. अपडेट चढताना फोन तापतो, आणि आधीच कमजोर झालेलं फ्लेक्सचं जोडकाम तेव्हा दगा देतं, असा माझा अंदाज. ही तक्रार इतकी वाढली की वनप्लसला भारतात त्या रेघेसाठी पडद्याला आजीवन वॉरंटी द्यावी लागली. सॅमसंगनंही काही जुन्या एस मॉडेलांना एकदा फुकट पडदा दिला. पडदा सदोष होता हो, सिस्टीम नव्हे!

आयटी_हमाल
फ्लक्सवाले, लिथियमला सिस्टीम कळत नसेल, सिस्टीमला लिथियम चांगलं कळतं. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आयओएस 10.2.1 नं प्रोसेसरच हळू केला. हे जानेवारी 2017 चं, अ‍ॅपलनं कबूल केलं डिसेंबरमध्ये. बोंब झाली तेव्हा बॅटरी बदलायचा भाव 79 डॉलरवरून 29 वर आला. गूगलही तसलंच. जानेवारी 2025 च्या अपडेटनं कित्येक पिक्सेल 4ए ची बॅटरी अर्ध्या दिवसात बसायला लागली. हार्डवेअर सडतं सगळ्यांचंच, ते तुम्हाला कधी कळू द्यायचं हे सिस्टीम ठरवते. तेव्हा धाग्याचं शीर्षकच गंडलंय.

फ्लक्सवाला
घ्या, अर्धा गुण दिला. उरलेला अर्धा अचानक बंद पडणारा फोन हातात घेऊन रिक्षा बुक करून दाखवाल तेव्हा.

फटफटीपंत
अवांतर: माझ्या फोनचा मागचा कॅमेरा थरथरतो, फोटो लाटांसारखे येतात. फोन महागडा आहे, कंपनीचं नाव घेत नाही. गाडी 350 सीसी, फोन हँडलच्या होल्डरला. यात दोष कुणाचा?

आयटी_हमाल
तुमचा. कॅमेऱ्यातलं लेन्स स्प्रिंगवर तरंगत असतं, चुंबकानं सावरलेलं. हँडलची कंपनं सतत बसली की ते कामातून जातं. अ‍ॅपलनं सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःच सांगितलंय, मोठ्या इंजिनाच्या गाडीला फोन थेट लावू नका, स्कूटरला लावायचा तर डँपरवाला, म्हणजे कंपनं शोषणारा होल्डर घ्या. ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी ही सोय) असलेल्या कुठल्याही फोनला हेच लागू, सिस्टीम कुठलीही असो.

फटफटीपंत
इंजिनाचं सोडा. आमच्याकडच्या रस्त्यावरून आठवडाभर फिरून दाखवा. गणपतीआधी खडी टाकतात, विसर्जनापर्यंत वाहून जाते. तिथं डँपर काय करणार?

खडूस_मास्तर
हँडलला फोन लावून रील बघत घाट चढणाऱ्यांनी रस्त्यावर बोलू नये. परवा असाच एक वीर माझ्या गाडीला घासून गेला.

फटफटीपंत
मास्तर, मी नकाशा बघतो, रील नाही. पोरगं डिलिव्हरी करतं, त्याचं पोट त्या होल्डरवर आहे. वर्गात बसून उपदेश करणं सोपं असतं.

खडूस_मास्तर
निवृत्त होऊन जमाना झाला. वर्गात नाही, रस्त्याच्या कडेला उभा असतो, जीव मुठीत धरून.

निशिगंधा
आयफोन की अँड्रॉइड, यावर बोलत होतो ना आपण? आता पीडब्ल्यूडीवर मोर्चा काढायचा का?

आयटी_हमाल
काढा. दोन्ही सिस्टीमवाले एकत्र येतील असा तेवढा एकच विषय आहे.

फटफटीपंत
फ्लक्सवाले, ते राहू द्या. कॅमेरा बदलून मिळेल का आणि केवढ्याला?

फ्लक्सवाला
मिळेल. पण नवा ओरिजिनल माझ्याकडे येत नाही, मेलेल्या फोनातून काढलेला बसवावा लागेल. मॉडेल कळवा, भाव व्यनित (खाजगी निरोपात) कळवतो. आणि पोराला म्हणावं, डिलिव्हरीला जुना, ओआयएस नसलेला साधा फोन लाव हँडलला. कुठल्या का सिस्टीमचा असेना.

निशिगंधा
आलं ना गिऱ्हाईक! म्हणजे धागा अगदीच वाया नाही गेला तुमचा.