अल्फ्रेस्को: सीएमआयएस क्वेरीत अर्धेच करार का येतात?

प्रश्न: अल्फ्रेस्को (कागदपत्रं साठवायचं सॉफ्टवेअर) वापरतो, त्यात सीएमआयएस (अशा सॉफ्टवेअरमध्ये शोधायची प्रमाणित भाषा) क्वेरी लिहिली. 'करार' फोल्डरमधली १ एप्रिल २०२४ पासूनची, मजकुरात 'अनामत' असलेली कागदपत्रं हवीत. सिलेक्ट * फ्रॉम सीएमआयएस:डॉक्युमेंट, पुढे व्हेअरमध्ये फोल्डर, तारीख आणि शब्द अशा तीन अटी: इन_फोल्डर, क्रिएशनडेट आणि कंटेन्स('अनामत'). उपफोल्डरमधलं काहीच येत नाही. शिवाय १ एप्रिल उजाडायच्या आधी, रात्री २ वाजता बॅचने चढवलेल्या फाइल्सही गायब.

उत्तर १: इन_फोल्डर फक्त थेट आतल्या फाइल्स बघतो. पोटातलंही हवं तर इन_ट्री लिहा. कंसात फोल्डरचं नाव नको, आयडी द्या.

उत्तर २: रात्रीचा घोळ तारखेचा आहे. '२०२४-०४-०१टी००:००:००.०००झेड' लिहिलंत ना? शेवटचा झेड म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्याआधीचं सगळं कापलं गेलं. '२०२४-०३-३१टी१८:३०:००.०००झेड' टाका. आणि टाइमस्टॅम्प हा शब्द अवतरणाच्या आधी हवाच.

उत्तर ३: एवढं करूनही एखादा करार सापडला नाही तर पीडीएफ उघडून एक शब्द माउसने निवडून बघा. निवडता येत नसेल तर तो नुसता स्कॅन आहे, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) केल्याशिवाय कंटेन्सला तो कोराच. दुसरा शब्दही शोधायचा असेल तर वेगळा कंटेन्स जोडू नका, एका क्वेरीत एकच चालतो. दोन्ही शब्द त्याच कंसात, मध्ये जागा सोडून.